तळं सुकेपर्यंत

प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर स्टीलचे दोन डबे शेजारी-शेजारी होते, आणि ईशानीने घाईत चुकीचाच उघडला.

आत पोळी-भाजी नव्हती. ओल्या फडक्यात बोराएवढे तपकिरी शिंपले होते, एकमेकांना घट्ट चिकटलेले.

"तो माझा—" दारातून एक तरुण धावतच आत आला. "सॉरी हां. हे दाखवायला प्राणिशास्त्राच्या बाईंना शोधत होतो. तुम्ही खाल्ले नाहीत ना?"

"अजून नाही. मीठ बेताचं आहे का, बघत होते."

तो हसला, आणि ईशानीला उगाचच पदर सारखा करावासा वाटला.

त्याचं नाव वरद सुर्वे. राहायला बडोद्यात, समा भागात; नोकरी शहराबाहेर सावली गावाजवळच्या एका कारखान्यात. इंजिनिअर म्हणून लागून सहा महिनेच झाले होते. कारखान्याच्या तळ्यातून पाणी ओढणारे पाइप महिन्यात दोनदा तुंबले, आणि आत हे निघाले. ईशानी दिघे बडोद्याच्याच वाडी भागातली. या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि नदीतल्या शिंपल्यांवर पीएच.डी. करत होती. तिने चिमट्याने एक शिंपला ओढला. तो सुटेना. त्याच्या बुडाशी केसासारखे चिवट धागे होते.

तिचं हसू मावळलं.

"हे आपल्याकडचे नाहीत. आपले चिखलात रुतून बसतात. हे दगडाला, लोखंडाला, एकमेकांनाही चिकटतात... तळ्यात बाहेरून काही आणलं होतं?"

"एक जुना तरंगता पंप. परदेशी माल, स्वस्तात मिळाला म्हणून साहेब खूश होते. बंदरावरून ओल्या गोणपाटात आला."

"आणि पावसात तळं भरलं की पाणी कुठे जातं?"

"ओढ्यात. ओढा पुढे मही नदीला मिळतो."

ईशानी स्टुलावर बसली. अर्धं बडोदं महीचं पाणी पितं, आणि तेही पाइपांतूनच येतं. सत्त्याण्णव सालचा मे नुकता लागला होता. पावसाला पाच आठवडे उरले होते.

"त्या तळ्यातलं काही दुसऱ्या पाण्यात गेलंय? पंप, जाळं, दोर... काहीही?"

वरदने डब्याचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. "नाही."

मग रोज दुपारी त्याची स्कूटर कॉलेजच्या फाटकाशी उभी राहू लागली. सावलीच्या रस्त्यावर गरम वारा तोंडावर यायचा आणि ईशानी मागे बसून, बाटल्यांची पिशवी पोटाशी धरून, आकाशाकडे बघत राहायची. ढगाचा एक पुंजका दिसला तरी पावसाला उरलेले दिवस मनात मोजायची.

तिने तळ्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली त्याला दाखवला. शिंपल्याचं एक चिमुकलं पारदर्शक पिल्लू गरगर फिरत होतं.

"किती गोड आहे!"

"एक मादी अशी लाखो सोडते."

"म्हणजे घाबरायचं?"

"घाबरायचंच."

"तुमच्याशेजारी उभं राहिलं की मला तसंही..." तो थांबला. तिने भिंग नीट करायचं निमित्त करून मान खाली घातली. कान मात्र गरम झाले होते.

वार्षिक दुरुस्तीसाठी कारखाना मेअखेर बंद राहणार होता; साहेबांनी तेवढे दिवस दिले. पाणी ओढ्यात नाही, नांगरलेल्या पडीक जमिनीत सोडायचं. तळ उन्हात भाजू द्यायचा. पाइप उकळत्या पाण्याने धुवायचे— ईशानीने सगळं लिहून दिलं. चार दिवसांत तळ्याचा तळ उघडा पडला. हजारो शिंपले उन्हात तोंडं वासून मेले आणि घाणीने माणसं नाकाला रुमाल बांधून फिरू लागली.

त्या संध्याकाळी शेव-उसळीच्या गाडीपाशी ती पहिल्यांदाच मोकळी हसली. "रविवारी आई तुला जेवायला बोलावतेय. पुरणपोळी करणार आहे."

वरदने प्लेट खाली ठेवली. "ईशानी... मी खोटं बोललो."

"कशाबद्दल?"

"कारखान्याजवळच्या गावात जसुभाई म्हणून एक शेतकरी आहेत. होळीच्या सुमारास तो पंप मी त्यांच्या गावाला तीन दिवस दिला होता. त्यांची विहीर आटली होती, गुरांच्या हौदात गावच्या तळ्याचं पाणी भरायचं होतं. साहेबांना न विचारता दिला. नोकरी पक्की नाही, म्हणून लपवलं."

आजूबाजूला माणसं हसत-बोलत होती. ईशानीला काहीच ऐकू येईना.

"तीन आठवडे, वरद! तीन आठवडे मी रात्री झोपले नाही. आणि आज का सांगतोस?"

"तुझ्या आईच्या हातचं जेवून, तुझ्याकडे बघत... नसतं जमलं मला."

ती रिक्षाने घरी गेली. पण सकाळी सहाला ती त्याच्या दारात उभी होती. "चल. गाव दाखव."

गावचं तळं निम्म्यावर आटलं होतं. दोघं गुडघाभर पाण्यात दगड चाचपत राहिले. तासाभराने वरदचा हात थांबला. बुडालेल्या पायरीच्या खाली नऊ शिंपले होते.

त्याने साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. नोकरी पक्की व्हायची ती वर्षभर लांबली. मग पारावर गावासमोर उभं राहून सांगितलं, चूक माझी, आता तळं पूर्ण उपसावं लागेल. जसुभाईंनी ईशानीकडे वळून गुरांच्या पाण्याचं विचारलं.

"बेन, ढोरं पाणी क्यां पिशे?"

"कारखान्याचा टँकर येईल," वरद म्हणाला. "साहेबांशी बोललोय. रोज मी स्वतः घेऊन येईन."

तळं उपसलं. जूनच्या सात तारखेला पश्चिमेकडून काळे ढग आले, आणि ईशानी रिकाम्या तळ्यात शेवटच्या डबक्यांत चुना टाकत, पायऱ्या खरवडत राहिली. ढग तसेच पुढे गेले. पाऊस नऊ दिवसांनी आला.

ऑक्टोबरात भरलेल्या तळ्याच्या काठी दोघं पुन्हा आले. ईशानीने पाण्यात दोराने विटा सोडून ठेवल्या होत्या. शिंपले उरले असतील तर विटांवर दिसणार होते. वरद एकेक वर ओढत होता, ती बोटांनी चाचपत होती. पहिली, दुसरी... सहावी. शेवाळ होतं. बाकी काही नाही.

"अजून तीन वर्षं बघावं लागेल," ती म्हणाली.

"बघू."

तिने ओले हात ओढणीला पुसले. "आई विचारत होती, ते सुर्वे जेवायला कधी येणार?"

वरदच्या हातातला दोर तसाच राहिला. "तू... काय सांगितलंस?"

"म्हटलं, विटा स्वच्छ निघाल्या तर आणते."

"आणि नसत्या निघाल्या तर?"

ईशानीने त्याच्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी असं सरळ पाहिलं होतं तिने...

"तरी आणलंच असतं," ती म्हणाली. "फक्त तू पळून जाऊ नयेस म्हणून वाटेत घट्ट हात धरावा लागला असता."

त्याने चिखलाने भरलेला हात पुढे केला.