बाल्कनीतले लोक

गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटं खरं तर नवरा-बायकोची होती. पण त्या दिवशी सकाळी नवरेबुवा एकट्याने कपाट सरकवायला गेले आणि कमरेत उसण भरून आडवे झाले. तिकीट फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी पलंगावरूनच तोडगा काढला, "आईला घेऊन जा."

बायको दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना 'आ करा' सांगून संध्याकाळी तिला स्वतःचं तोंड उघडायचाही कंटाळा यायचा. सासूबाईंचं अगदी उलट. त्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. नुसतं 'मीठ दे' म्हणाल्या तरी शेजारपाजारचे ताठ बसायचे. पण सासरे गेले आणि तो आवाज जो खाली बसला, तो काही वर येईना. बाजारात जाणं बंद, कुणाकडे जाणं बंद. त्यामुळे 'चला' म्हटल्यावर त्या खरोखरच उठून कपाटातली ठेवणीतली शाल काढायला लागल्या, तेव्हा सुनेला इतकं बरं वाटलं की कंबरदुखीबद्दल नवऱ्याचे आभार मानावेत असं तिच्या मनात आलं.

नाट्यगृह जुनं होतं. लाल खुर्च्यांचं कापड घासून गुळगुळीत झालेलं, आणि हवेत जुन्या पडद्यांचा कोंदट वास. खालचा भाग गच्च भरला होता. मागे वळून पाहिलं तर वर बाल्कनीचा कठडा दिसायचा आणि त्याच्यामागे काळाकुट्ट अंधार.

गायक तरुण होता, हातात गिटार, आणि बडबडा. गाण्यापेक्षा गप्पांनीच त्याने अर्धी मैफल खिशात घातली. मग तो म्हणाला, "हे पुढचं गाणं अगदी नवं आहे. माझ्या बायकोनेसुद्धा ऐकलेलं नाही. मी ओळ म्हणतो, तुम्ही मागून म्हणा. आधी डावीकडचे, मग उजवीकडचे, मग बाल्कनीतले."

डावीकडचे लाजत गायले. उजवीकडचे सामना बघायला आल्यासारखे ओरडले. आणि मग बाल्कनी गायला लागली.

हलक्या, भरलेल्या, एकमेकांत मिसळून गेलेल्या आवाजांत. बायका होत्या, पुरुष होते, लहान मुलंही असावीत. सुनेच्या अंगावर सुखाचा काटा आला. त्या सुरांबरोबर वरून एक गार झुळूक उतरली आणि बरीच वर्षं न उघडलेल्या पेटीसारखा वास आला. शेजारी सासूबाई पुटपुटायला लागल्या होत्या.

"आई, आपण उजवीकडचे," सून हळूच म्हणाली.

"राहू दे गं. वरचे सुरात आहेत."

दुसऱ्या कडव्याआधी गायक पाणी प्यायला थांबला. त्याने बाटली तोंडाला लावली आणि वरून पुढची ओळ आली. त्याने अजून म्हटलीच नव्हती ती ओळ.

बाटली तशीच राहिली. मग तो हसला. "बाल्कनीवाल्यांनी माझ्या तालमी चोरून ऐकलेल्या दिसतात." सगळं सभागृह खदखदून हसलं. सूनही हसली, पण गायकाच्या मागे बसलेला तबलजी हसत नव्हता. तो वर बघत होता.

मध्यंतरात कॉफीसाठी ही रांग. बाल्कनीतल्या काउंटरवर गर्दी कमी असेल, असा हिशोब करून सून जिना चढली. वळणानंतर पायऱ्यांवर धूळ होती आणि त्या धुळीत पावलाचा एकही ठसा नव्हता. वर दाराला गंजलेलं कुलूप. फटीला डोळा लावला, तर आत जमीनच नव्हती. उघडे वासे, आणि त्यांच्यामधून आरपार दिसणारी खालची माणसं. त्यात शाल पांघरलेल्या सासूबाईही दिसल्या.

"ताई, वर काही नाहीये."

दारावरचा म्हातारा राखणदार जिन्याच्या वळणावर उभा होता. "फळ्या कुजल्या म्हणून काढून टाकल्या. मी इथे लागायच्या आधीच."

"मग... गातंय कोण?"

"खाली गर्दी झाली की येतो आवाज." तो अगदी सहज म्हणाला. "गाणाऱ्यांना बरं वाटतं, म्हणून आम्ही बोलत नाही. कोणाला त्रास नाही त्यांचा."

ती त्याच्याशेजारून उतरायला लागली, तेव्हा तो जरा घुटमळला. "फक्त आमच्यापैकी कोणी त्यांच्याबरोबर गात नाही."

"का?"

"नाही गात," तो म्हणाला.

सून झपाझप खाली आली. सासूबाईंना उठवायचं आणि घर गाठायचं, असं तिने पक्कं केलं होतं. पण त्या शेजारच्या बाईला शाळेतला कसलासा किस्सा सांगत होत्या आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. सासूबाईंचा हा चेहरा ती पार विसरली होती.

"आई... घरी जाऊ या का? यांची कंबर..."

"कंबर कुठे पळून जाते? बस."

ती बसली. दुसऱ्या भागात लोकांनी तेच नवं गाणं पुन्हा मागितलं. दिवे मंद झाले. "आता फक्त बाल्कनी," गायक म्हणाला, आणि सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"आई, बसा ना..."

वरचे सूर उतरले आणि त्यांत सासूबाईंचा मैदानावरचा खणखणीत आवाज मिसळला. सुनेने त्यांचा हात घट्ट धरला. हात उबदार होता. गाणं संपेपर्यंत तिने तो सोडला नाही. संपलं, टाळ्या झाल्या, सासूबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "घशाला कोरड पडली बाई." एवढंच.

घरी येऊन त्यांनी लेकाला सगळा कार्यक्रम अभिनयासह करून दाखवला. हसता हसता त्याची कंबर पुन्हा धरली. दुसऱ्या दिवसापासून त्या बाजारात जायला लागल्या, भाजीवाल्याशी भांडायला लागल्या, घर पुन्हा दणाणायला लागलं. सुनेला वाटलं, राखणदार उगीच घाबरवत होता.

मग शेजारच्या खुर्चीतल्या बाईने फोनवर केलेलं चित्रण पाठवलं. सुनेने ते दवाखान्यात, भर दुपारी, दोन पेशंटच्या मधल्या वेळात लावलं. गायक म्हणतो, "आता फक्त बाल्कनी." पुढे शांतता. वरचे आवाज फोनने टिपलेच नव्हते. "आई, बसा ना," हे सुनेचं कुजबुजणं मात्र कानाशी बोलावं इतकं स्पष्ट होतं.

मग त्या शांततेत एकच आवाज सुरू झाला. सासूबाईंचा. सून आधी हसली. पण फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता आणि आवाज येत होता लांबून, उंचावरून, छताखाली घुमत.

तिने चित्र मोठं करून पाहिलं. सासूबाई उभ्या होत्या, त्यांचा हात तिच्या हातात होता. ओठ मिटलेले होते. मान वर करून, कुणीतरी आपल्यासाठी गातंय तसं, त्या ऐकत होत्या.