संगतीचा अंक

या, पुढे सरका, मंडळी. मागे बसलं की ऐकू येत नाही. आज एका पखवाजवाल्याची कथा सांगतो.

वर्तन-प्रयोगशाळेत डॉ. कुमुदिनी थत्ते यांनी संगतमापक बनवला. मनगटावर बांधायची साधी पट्टी.

"नशा माणूस शिकतो, स्वयंपाक शिकतो तशी," त्या सहकारी तांबोळींना म्हणाल्या. "कुणाजवळ, किती तास, किती जवळीक, हे मोजलं की पुढचं सांगता येतं. एकदा नशा केलेल्याची पट्टी तांबडी. त्याच्याजवळ बसणाऱ्याची आधी पिवळी, मग तांबडी."

"आणि चांगली संगत? तीही शिकवत असेलच की, ताई."

"ते पुढच्या आवृत्तीत घेऊ."

वर्षभरात शहरभर पट्ट्या आल्या. कुमुदिनीबाईंचा धाकटा भाऊ गोवर्धन चार वर्षांपूर्वी गर्दची नशा सोडून मंदिरात कीर्तनाला पखवाज वाजवू लागला होता. त्याची पट्टी तांबडी झाली.

कीर्तनकार बुवांनी त्याला बाजूला घेतलं. "रागावू नकोस रे, गोवर्धना. तू बसलास की टाळकऱ्यांच्या पट्ट्या पिवळ्या होतात. त्यांच्या पोरींची लग्नं ठरायचीत."

"चार वर्षं झाली, बुवा!"

"मला ठाऊक आहे. पट्टीला नाही."

गोवर्धन बहिणीकडे आला. "ताई, आता गर्दुल्ल्यांतच बसतो. तिथं निदान कुणी उठून जात नाही."

बाई हादरल्या. रोज संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाऊ लागल्या. तो पत्र्याच्या डब्यावर ठेका धरी, त्या बेसूर अभंग म्हणत, आणि तो पोट धरून हसे. पण संध्याकाळ तासाभराची. उरलेला दिवस गर्दुल्ल्यांचा. सहाव्या महिन्यात गोवर्धन गेला. हातात सुई होती. यंत्रानं नोंद केली: भाकीत खरे.

बाईंनी मग चांगल्या संगतीचं राहिलेलं सूत्र पुरं केलं. आकडे स्वच्छ बोलत होते: मंदिरातल्या तासांनीच त्याला धरून ठेवलं होतं. यंत्रानं ते तास काढून घेतले आणि स्वतःचं भाकीत खरं करून घेतलं.

कागद घेऊन त्या शास्त्रज्ञांच्या सभेला गेल्या. दारातच त्यांची पिवळी पट्टी तांबडी झाली. भावाजवळच्या साऱ्या संध्याकाळी तिनं मोजल्या होत्या.

तांबोळी दोन पावलं मागे सरले. "आत नाही येता यायचं, ताई."

"निदान कागद तरी घ्या!"

"तो घ्यायला जवळ यावं लागेल." त्यांचे डोळे भरले होते. "नियम तुमचाच."

दार लागलं. सूत्र आजही जुनंच चालू आहे.

मंडळी, तुमच्या मनगटांवर पट्ट्या आहेत, माझ्याही आहे. घरी जाताना गोवर्धनाची आठवण काढा. मोठ्यानं नको. मनातच काढा, तिथलं अजून पट्टीला मोजता येत नाही.