नाव कोरलेला पेला

वृषालीच्या पत्राला गणोरकरांनी सदतीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्यांनी फाडलं नव्हतं की हरवलं नव्हतं. एका जाड कोशात खूण म्हणून ठेवलं, आणि तो कोश पुन्हा उघडला नाही.

"दादा," धाकट्या बहिणीने २०२१ साली लिहिलं होतं, "बाळंतपणाआधी रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस बी निघालं. सासरचे म्हणतात, हे लग्नाआधीचं लफडं. तू एकदा रक्त तपासून घे. तुझ्यातही निघालं तर हे लहानपणी घरातच आलं, असं मला सांगता येईल. दोनच ओळी लिही."

निघालं तर? या धास्तीने ते तपासायला गेलेच नाहीत. दोन ओळी जुळवता जुळवता वर्ष गेलं, आणि तान्ह्या मुलीला घेऊन वृषालीला सासर सोडावं लागलं.

आता २०५८ साली सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला यकृताची तपासणी सक्तीची होती, आणि तिच्यातच आजार कुणाकडून आला हे शोधणारं 'उगमवाचन' होत असे. अमरावतीच्या केंद्रात डॉ. नाझनीन मुजावर यांच्यापुढे गणोरकर अहवाल घेऊन बसले होते.

"काका, कागद उलटा धरलाय."

त्यांनी घाईने सुलटा केला. "पहिली ओळ पॉझिटिव्ह, दुसरी निगेटिव्ह, तिसरी पॉझिटिव्ह. तीनपैकी दोन… म्हणजे बरंच म्हणायचं ना?"

"परीक्षेचे मार्क आहेत का हे?" डॉक्टर हसल्या. "पहिली ओळ म्हणजे विषाणूच्या सालीचा अंश रक्तात आहे. विषाणू आजही अंगात आहे. दुसरी ओळ संरक्षणाची. लस घेतलेल्यांत किंवा बरे झालेल्यांत ते असतं, तुमच्यात नाही. तिसरी सांगते, विषाणू खरोखरच शिरला होता; नुसत्या लशीने ती पॉझिटिव्ह येत नाही. सहा महिन्यांपूर्वी घेतलेल्या पहिल्या नमुन्यातही हेच निघालं, म्हणजे पाहुणा मुक्कामी आहे."

"मग मी आता…"

"मग काय! यकृत चांगलं आहे तुमचं. दर सहा महिन्यांनी तपासायला यायचं, दारू नको, दाढीचं पातं कुणाला द्यायचं नाही. एका ताटात जेवलं, एका पेल्यातून पाणी प्यायलं, त्याने हा पसरत नाही."

'पेला' म्हणताच गणोरकर दचकले.

"तुम्ही पोथ्यांच्या ग्रंथालयात होतात ना?" डॉक्टरांनी विचारलं. "दोन पोथ्यांपैकी कोणती कोणावरून उतरवली, ते कसं ओळखायचात?"

"चुकांवरून." एवढा एकच शब्द ते न अडखळता बोलले. "एकीतली चूक दुसरीत उतरते."

"इथेही तेच. हा विषाणू यकृताच्या पेशीच्या गाभ्यात आपली एक प्रत ठेवून देतो, तिला आम्ही गाभाप्रत म्हणतो. तिच्या नकला होताना चुका साचतात. दोघांच्या जुळवल्या की कळतं, कुणाकडून कुणाकडे गेला, आणि कोणत्या वर्षी."

त्यांनी पडदा वळवला. वर एक रिकामी चौकट, मधे गणोरकर, खाली वृषाली. बाण वरून खाली. साल १९९१. वृषालीच्या खाली काहीच नव्हतं. तिच्या मुलीला जन्मतःच लस मिळाली होती.

१९९१. ते तीन वर्षांचे, वृषाली एकाची. कान टोचायला सोनार घरी आला होता. "आधी दादाचे टोचा, म्हणजे ही घाबरणार नाही," आई म्हणाली होती. ती नेहमी हे हसत सांगायची. सुई एकच. गणोरकरांचा हात कानाच्या पाळीकडे गेला.

"तिला… कळलंय?"

"तिने संमती दिलीय, म्हणून तुम्हाला तिचं नाव दिसतंय. तुम्ही दिलीत तर यंत्र तिला तुमचं कळवेल. नाहीतर तिच्या वरची चौकट रिकामी राहील."

"आणि माझ्या वरची?"

"तो माणूस हयात आहे. दोन पत्रं पाठवली आम्ही, उत्तर नाही."

गणोरकरांना संताप आला. कसला माणूस हा! दोन ओळी लिहायला काय जातं याचं? आणि लगेच त्यांनी मान खाली घातली. त्यांनी संमतीवर सही केली. "पण यंत्राला चार दिवस थांबायला सांगा," ते म्हणाले.

घरी फडताळात स्टीलचा पेला होता, 'वृषाली' असं कोरलेला. "दादा, माझ्या नावाचा पेला!" सासर सोडल्यानंतरच्या पहिल्या भाऊबिजेला ती हरखून म्हणाली होती. दरवर्षी ती त्यातूनच पाणी प्यायची, आणि दरवर्षी ते गप्प बसायचे.

त्यांनी पेला भरला, प्यायले, आणि लिहायला बसले. १९९१ यंत्राने कळवलं असतं. पेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

"विशू, ते माझ्याकडून तुला आलं. कान टोचताना, त्याच सुईने. तेव्हा मी लहान होतो. तुझं पत्र आलं तेव्हा नव्हतो. आणि तो पेला मी मायेने नाही कोरून घेतला. चुकूनही तुझ्या पेल्याने दुसरं कुणी पाणी पिऊ नये, म्हणून."

पाकीट टपालपेटीच्या फटीत अर्धं गेलं, आणि थोडा वेळ त्यांनी ते तसंच धरून ठेवलं. उत्तर मिळून तिची बदनामी पुसली जाणार होती, पण दर भाऊबिजेचा आनंदही. मग त्यांनी बोटं सोडली.