उलटी बाही

चित्रसंग्रहालयात माझं काम फोटो काढायचं. दर सहा महिन्यांनी प्रत्येक चित्राचा फोटो घ्यायचा, मागच्या फोटोशेजारी ठेवायचा आणि कुठे रंगाचा पापुद्रा सुटलाय का, तडा गेलाय का, ते भिंगातून बघायचं. काही बदललेलं नसलं, की दिवस चांगला गेला.

बाबांना तिथे नेलं ते निव्वळ नाइलाजाने. चाळीस वर्षं शिवणकाम केल्यावर त्यांचे हात थरथरायला लागले. त्यांनी दुकान बंद केलं आणि त्यासोबत तोंडही. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. वाढलेलं ताट तसंच परत यायचं. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका.

"मला चित्रातलं काय कळतंय?" दारातच ते म्हणाले.

"भिंतीपेक्षा बरं," मी म्हटलं.

तिसऱ्या दालनात त्यांना बाकावर बसवून मी कामाला लागले. समोरच्या चित्रात एक बाई खिडकीपाशी बसून लहान मुलीचा झगा शिवत होती. चित्र शंभरेक वर्षांपूर्वीचं, चित्रकार अज्ञात. लोक त्याच्यापुढे घटकाभरही थांबत नाहीत. तासाभराने मी परत आले, तर बाबा बाक सोडून चित्राला नाक लावून उभे.

"बाही उलटी लावतेय ही." महिन्याभरात पहिल्यांदाच ते एका दमात एवढं बोलले. "डावी बाही उजव्या मुंढ्याला. पोरीला हात वर करता यायचा नाही."

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. सात वर्षं मी त्या चित्राचा इंच न् इंच तपासत होते. तडे दिसले होते, बाही कधी दिसली नव्हती.

"उसव बाई, उसव," बाबा चित्राला म्हणाले. दालनाचा रखवालदार हसू दाबत पलीकडे वळला. मलाही हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

पुढच्या मंगळवारी ते माझ्याआधी चपला घालून तयार. दालनात शिरताच म्हणाले, "ऐकलं हिने."

बाही उसवलेली होती. बाईच्या मांडीवर सुटी पडली होती, आणि मुंढ्याच्या कडेला तुटके दोरे लोंबत होते.

मी धावत जाऊन जुने फोटो काढले. सात वर्षांचे चौदा. चौदाही फोटोंत बाही मांडीवर. नोंदवहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं : 'सुटी बाही, रंग शाबूत.'

"काका, मागच्या आठवड्यात बाही जोडलेली होती ना?" मी रखवालदाराला विचारलं.

"ताई, मी इथे वीस वर्षं उभा आहे," तो हळूच म्हणाला. "पण खरं सांगू? चित्रांकडे पाठ करून."

मग बाबा दर मंगळवारी जायला लागले. बारीक आवाजात सांगायचे, "टाका लहान घे. घाई नको." मध्येच थांबून कान द्यायचे, मान डोलवायचे. बाही लागली, योग्य बाजूला. मग गळा झाला. मग काजं. फोटो दर वेळी चित्राशी तंतोतंत जुळायचे, म्हणून मी ते बघणंच सोडलं.

इकडे घरी बाबांनी मशीनला तेल घातलं होतं. कापड सुईखाली गेलं की त्यांच्या हातांची थरथर थांबायची. शेजारणीच्या दोन्ही सुना शिवण शिकायला येऊ लागल्या. संग्रहालयात ते अनोळखी माणसांना थांबवून चित्रांतल्या चुण्या न् अस्तरं दाखवायचे आणि माणसं खरंच थांबायची. रखवालदारही आता भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.

गेल्या रविवारी सकाळी त्यांनी हाक मारली. "वही घे गं. मापं लिही."

पुढच्या खोलीत ऊन आलं होतं. बाबा गुडघ्यांवर बसले होते. एकटेच.

"कोणाची मापं?"

"त्या बाईचा झगा पुरा झाला, पण तोवर पोर वाढली. म्हटलं, दुसरा मी शिवतो, पाठव तिला."

मी वही उघडली.

"उंची सव्वीस. सरळ उभी राहा बाळ, हसू नकोस."

मी सव्वीस लिहिलं आणि वर पाहिलं. बाबांचे हात अगदी स्थिर होते.

टेपचं खालचं टोक त्यांच्या चिमटीत होतं. वरचं टोक हवेत होतं, ताठ ताणलेलं.