बोकडाचे सहा डोळे

कसबा पेठेतल्या मटणाच्या दुकानात मी धापा टाकत पोचले, तर सीतारामभाऊ शांतपणे म्हणाले, "डोळे संपले, मॅडम. शेवटचे सहा या साहेबांनी घेतले."

साहेब वळले. आमच्याच नेत्र रुग्णालयातले डॉ. दिग्विजय, मला दोन वर्षांनी सीनियर. हातात पिशवी, ओठांवर हसू...

"मला हवेतच," मी म्हटलं. "शनिवारी परीक्षा आहे. भिंगावरचा पापुद्रा गोल काढता आला नाही, तर सहा महिने पेशंटला हात लावू देणार नाहीत."

"मुलींना लोक मोगरा देतात हो. तुम्हाला बोकडाचे डोळे?"

"मोगऱ्यावर सराव होत नाही!"

डोळे मिळाले, वर मास्तरही मिळाला. पण सरावाच्या खोलीत चार डोळे वाया गेले. पापुद्रा निम्म्यावर आला की कडेला फाटायचा. मी वर्ध्याची, हट्टाला पेटले की रडत नाही. तरी तेव्हा रडू आलंच.

दिग्विजय मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीतून पाहत होते. "आम्रपाली, तुम्ही श्वास रोखून धरता," ते हळूच म्हणाले. "म्हणून हात थरथरतो. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही... पाठ असेल ते."

मला आईच्या पाटोडीची, रश्श्यातल्या बेसनवड्यांची, कृती पाठ होती. ती म्हणता म्हणता पाचवा डोळा बिघडला, सहाव्याचा पापुद्रा मात्र गोल निघाला! मी मान वर केली, तर ते माझ्याकडेच पाहत होते.

शनिवारी विभागप्रमुख कल्याणीमॅडम शेजारी बसल्या. मी पुटपुटू लागले, "बेसन घोटायचं... गुठळी होऊ द्यायची नाही... ताटात थापायचं..." चिमट्यातला पापुद्रा वळत वळत, निघाला तिथेच परत आला.

"रश्श्यात खसखस राहिली," मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या. "सोमवारी पहिलं ऑपरेशन तुमचं."

बाहेर दिग्विजय उभे होते, चेहरा पांढराफटक.

"तुम्हाला काय झालं?"

"काचेतून पाहत होतो... श्वासच अडकला."

"मग बोलत राहायचं!"

"काय बोलू?"

"पाठ असेल ते."

एरवी मोजकं बोलणारा हा पुणेकर एका दमात म्हणाला, "मला तुम्ही आवडता. मला ते डोळे नकोच होते. तुम्ही रोज पाचला त्या दुकानात येता, म्हणून मी..."

"म्हणजे मुद्दाम संपवलेत?"

त्यांनी मान खाली घातली. मला राग यायला हवा होता, आला नाही. आनंदच झाला, खूप.

"सोमवारी ऑपरेशनला शेजारी बसा," मी म्हटलं. "आणि संध्याकाळी पाटोडी खायला या. खसखस घालून करीन."

मग मीच त्यांचा हात धरला. माझा हात जराही थरथरत नव्हता.