काचपट्टी

केतकी गव्हाणे फाटकातून आत शिरली की सोसायटीत आधी एक पडदा सरकायचा, मग दुसरा, आणि बघता बघता अख्खी इमारत तिच्याकडे पाठ फिरवायची. महापालिकेच्या बांधकाम निरीक्षकाला चहाला कोणी बोलवत नाही. 'मैत्रबन'मध्ये तर नाहीच नाही, कारण त्या पाच मजली इमारतीत जवळजवळ प्रत्येकाने बाल्कनीला काचा लावून तिची खोली केली होती आणि परवानगी एकाकडेही नव्हती. यात नवल काहीच नव्हतं. उघडी बाल्कनी ठेवणारं घर शहरात सापडलं असतं तर केतकीने स्वतःच्या हाताने त्याला हार घातला असता.

तसं एक घर मैत्रबनमध्येच होतं, पण त्याचा मालक हार घालण्यासारखा नव्हता. चौथ्या मजल्यावरचे वसंतराव उपासनी विमा कंपनीतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, आणि नियमाचे इतके पक्के की शेजाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. साऱ्या बाल्कन्यांविरुद्ध त्यांची तक्रार अधूनमधून यायची. मग केतकी यायची, नोटिसा डकवायची, आणि तिची पाठ वळली की लोक त्या फाडायचे. सगळ्यांचं एकूण छान चाललं होतं.

आजही ती त्याच कामाला आली होती. जिन्याच्या पहिल्या वळणावर तिने सवयीने भिंतीकडे पाहिलं आणि तिचा पाय थबकला. दिवाळीच्या आधी तिने तिथे लावलेली काचपट्टी जागेवर नव्हती.

काचपट्टी हा तिच्या खात्यातला जुना उपाय. भिंतीला तडा दिसला की त्यावर आडवी, बोटभर लांबीची काचेची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायची आणि वाट पाहायची. काच लवत नाही, ताणत नाही. भिंत जरा जरी हलली तरी ती मोडते. पण अलीकडे हे कोणी करत नसे, कारण सांधलेप आल्यापासून शहरात तडेच उरले नव्हते.

सांधलेप म्हणजे जिवंत गिलावा. त्यात निद्रिस्त जिवाणू मिसळलेले असत. भिंत उलली आणि फटीतून दमट हवा आत गेली की ते जागे होत, चुना तयार करत, फट भरून टाकत आणि पुन्हा झोपी जात. खरचटलेल्या गुडघ्यावर खपली धरावी तसं. काही वर्षांत अख्खं शहर गुळगुळीत झालं. मग महापालिकेने 'भिंतपारख' आणलं. फोन भिंतीसमोर धरायचा; तडे नसले की हिरवी खूण, आणि हिरवी खूण म्हणजे सुरक्षित इमारत. मैत्रबनलाही ती केतकीनेच दिली होती. तरी जिन्यात एक केसाएवढा ताजा तडा दिसला म्हणून तिने जुन्या खोडीने पट्टी लावली. त्याच आठवड्यात स्वतःच्या घरीही, ओट्यावरच्या खिडकीच्या कोपऱ्यात, तिने एक लावून टाकली होती. तेव्हा तिचा नवरा श्रीनिवास हसला होता. "आता घरालाही नोटीस देणार का?"

"काय शोधताय मॅडम?" वरून आवाज आला. सोसायटीच्या सेक्रेटरी मुळीकबाई कमरेवर हात ठेवून पायरीवर उभ्या होत्या.

"इथे एक काचेची पट्टी लावली होती मी. कोणी काढली?"

"तुमच्या वस्तूंना आम्ही कशाला हात लावू? नोटिसांचं म्हणाल तर त्या वाऱ्याने उडतात."

केतकीने भिंतीवरून तळवा फिरवला. गार, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत भिंत. तडा कुठेच नव्हता. पण एका जागी बोटांना बारीकसा उंचवटा लागला. तिने पर्समधला स्क्रूड्रायव्हर काढून तिथे खरवडलं. गिलाव्याचा पापुद्रा निघाला आणि आत काच चमकली.

पट्टी कोणी काढली नव्हती. भिंतीने ती गिळली होती. आणि आत तिचे तुकडे झाले होते. एक टोक होतं तिथेच होतं; दुसरं टोक त्याच्यापासून बोटभर खाली सरकलं होतं.

म्हणजे भिंत हलली होती, चांगलीच हलली होती, आणि दर वेळी सांधलेपाने वरून नवी कातडी चढवली होती. भिंतपारखला दिसत होती ती नुसती कातडी.

"मुळीकबाई, सांधलेपाला दरवर्षी पावसाळ्यानंतर चुन्याच्या पाण्याची फवारणी लागते. ती करता ना?"

"सुरुवातीला केली की. मग बंद केली. भिंतीला एक तडा नाही, तर फवारायचं कशाला?"

"अहो, ते त्यांचं खाणं आहे! फट भरायला जिवाणूंना चुना लागतो. तुम्ही दिला नाहीत तर ते कुठून आणतील?"

प्रश्न विचारता विचारताच तिला उत्तर कळलं आणि ती उलट्या पावली जिना उतरली. चुना हाताशीच होता. खांबांच्या काँक्रीटमध्ये.

तळमजल्यावर भिंती नव्हत्या. नुसते खांब आणि त्यांच्यामध्ये लावलेल्या गाड्या. प्रत्येक गाडीच्या सीटवर पिठासारखी पांढरी धूळ बसली होती.

"शेजारी रस्त्याचं काम चाललंय ना," मागोमाग आलेल्या मुळीकबाई म्हणाल्या. "रोज पुसा, रोज बसते. आणि हवा तरी कसली विचित्र! सगळ्यांची दारं फुगलीत. सुतार या महिन्यात प्रत्येक घरी दार घासून गेला."

दारं फुगली नव्हती. चौकटी तिरक्या झाल्या होत्या. केतकीने सगळ्यात जवळच्या खांबावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि दाबलं. वरचा गुळगुळीत पापुद्रा टचकन फुटला आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा भोकातून कोरडी भुकटी गळायला लागली. ती गळायची थांबेचना.

वर माणसं होती. स्वयंपाक चालले होते, कोणाचा तरी टीव्ही ऐकू येत होता. तिने प्रभाग अधिकारी दाभाडकरांना फोन लावला.

"साहेब, मैत्रबन आत्ताच्या आत्ता रिकामी करायला हवी. खांब पोखरलेत."

"भिंतपारख काय दाखवतंय?"

"हिरवं. पण ते वरवरचं..."

"गव्हाणे मॅडम, हिरव्या इमारतीला धोकादायक म्हणून नोटीस मी कशी काढू? उद्या संरचना अभियंत्यांना घेऊन येतो. तोवर तुम्ही काही बोलू नका, घबराट पसरेल." फोन बंद झाला.

घबराट पसरायलाच हवी होती. "मुळीकबाई," ती म्हणाली, "सगळ्यांना खाली बोलवा. इमारत पडेल. मी खरं सांगतेय."

मुळीकबाईंनी शांतपणे स्वतःचा फोन खांबासमोर धरला. टिंग. हिरवी खूण. "तुमच्याच खात्याचं आहे ना हे? मग कोणाला बनवता? पलीकडच्या गल्लीत असंच झालं. धोकादायक म्हणून माणसं बाहेर काढली, बिल्डर आला, आणि ती माणसं अजून भाड्याच्या घरात आहेत. किती दिले त्याने तुम्हाला?"

केतकीला रडू फुटायचं बाकी होतं. त्या बाईची काहीच चूक नव्हती. तिच्या जागी केतकी असती तर तीही हेच म्हणाली असती. धोक्याची नोटीस काढण्याचा अधिकार केतकीला नव्हता आणि तिच्या शब्दावर इथे कोणी घर सोडणार नव्हतं. तिच्या हातात काय होतं? बाल्कन्या. फक्त बाल्कन्या.

ती आवारात, अगदी फाटकापाशी जाऊन उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती तितक्या जोरात ओरडली.

"मैत्रबन! सगळ्या बेकायदा बाल्कन्या आज तोडणार! गाडी निघाली आहे! काचा, ग्रील, सामान, सगळं जप्त! ज्याला काही म्हणायचं असेल त्याने आत्ता खाली येऊन म्हणावं, नंतर ऐकून घेणार नाही!"

पडदे सरकले, खिडक्या धाडधाड उघडल्या आणि जिन्यात पावलांचा गडगडाट झाला. त्या आवाजाने केतकीचा जीव आणखीच घाबरा झाला. एवढ्या माणसांचं धावणं ते खांब पेलतील का?

"कोणाच्या हुकमाने तोडणार?"

"आमच्या म्हातारीचा पलंग आहे तिथे!"

"मग म्हातारीलाही आणा खाली!" केतकी ओरडली. "त्यांचंही म्हणणं ऐकते!"

खरोखरच खुर्चीत बसवून म्हातारीला खाली आणलं. कडेवर पोरं घेऊन बायका आल्या. कोणी हातातलं लाटणं घेऊनच आलं. माणसं तिच्या अंगावर येत होती, बोटं नाचवत होती, कोणीतरी तिच्या दंडाला धरलं. ती एकेक पाऊल मागे सरत फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे गेली आणि संतापलेली अख्खी सोसायटी तिच्यामागे तिथवर गेली. शिव्या खाताना इतकं बरं तिला कधीच वाटलं नव्हतं.

"सगळे आले का?" तिने मुळीकबाईंना विचारलं.

"एक सोडून सगळे. तो बघा तुमचा लाडका, मजा बघतोय."

चौथ्या मजल्यावर, इमारतीतल्या एकमेव उघड्या बाल्कनीत, वसंतराव उपासनी कठड्यावर कोपरं टेकून उभे होते. चेहऱ्यावर वर्षानुवर्षांच्या तक्रारींचं समाधान. त्यांनी कुठलाच नियम मोडला नव्हता, तेव्हा त्यांना खाली येण्याचं कारणच नव्हतं.

"उपासनीकाका, खाली या! इमारत पडतेय!"

"शाब्बास मॅडम!" ते वरून म्हणाले. "चालू द्या तुमचं! मी इथूनच पाहतो!"

त्यांना ऐकू आलं नव्हतं, की पटलं नव्हतं, कोण जाणे. केतकीला इमारतीच्या पोटातून कोरडी भाकरी मोडल्यासारखा आवाज आला. बाकी कोणाचं लक्ष नव्हतं. ती ओरडली, "उपासनी! कठड्यावर कुंड्या ठेवल्यात तुम्ही! विनापरवाना! तुम्हालाही नोटीस आहे!"

उपासन्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मला? मला नोटीस?"

"खाली या आणि घेऊन जा!"

"येतोच! थांबा, मंजूर नकाशा घेऊन येतो! दाखवतोच तुम्हाला!" आणि ते आत दिसेनासे झाले.

नकाशा! केतकीने कपाळाला हात लावला. आता हा माणूस कपाटं धुंडाळत बसणार आणि ते आपल्यामुळे. ती रस्ता ओलांडून फाटकाकडे धावली. मागोमाग धावत येऊन मुळीकबाईंनी तिचा हात घट्ट पकडला. बाईंचा रागाचा चेहरा उतरला होता. त्यांनीही आता तो आवाज ऐकला होता. एका खांबाच्या भोकातून भुकटी धारेने कोसळत होती.

"काका!" आता मुळीकबाई ओरडल्या. "अहो, धावा!"

गुंडाळी बगलेत धरून उपासनी जिन्यातून बाहेर आले तेव्हा कठड्यावर कुंड्या ठेवायला मुभा देणारं कलम त्यांच्या ओठांवर होतं. ते फाटकाबाहेर पडले, केतकीसमोर उभे राहिले, बोट उगारलं, आणि त्यांच्या पाठीमागे खांब बसले.

मोठा स्फोट वगैरे काही झाला नाही. दमलेल्या माणसाने मटकन खाली बसावं तशी इमारत एक मजला खाली बसली. गाड्या होत्या ती जागाच नाहीशी झाली. पांढरी धूळ उठली, म्हातारीने हंबरडा फोडला. धूळ निवळली तेव्हा उरलेले मजले एका अंगाला कलून उभे होते. त्यांच्या भिंती गुळगुळीत होत्या. कोणीतरी यंत्रवत फोन धरला. टिंग, हिरवी खूण.

दाभाडकर आले ते चेहरा पाडूनच. केतकीला बाजूला घेऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, "फवारणी बंद केलेल्या अशा किती इमारती असतील?"

"चालू ठेवलेल्या किती असतील ते विचारा, साहेब."

ती घरी पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. श्रीनिवास ओट्यापाशी पोहे परतत होता. "टीव्हीवर पाहिलं. बरी आहेस ना?" तो म्हणाला. "चहा टाकतो. आणि हो, उद्या सुतार येतोय. बाथरूमचं दार अडकायला लागलंय."

केतकी खिडकीच्या कोपऱ्याकडे पाहत होती. तिथे भिंत होती, गार, गुळगुळीत, सलग.

"इथली काचपट्टी?"

"ती? मला वाटलं तूच काढलीस."

तिने हात लांबवून गॅस बंद केला. "चप्पल घाल. काही विचारू नकोस, आधी खाली चल." जिन्यात भेटेल ते प्रत्येक दार ती ठोठावत गेली. दारं किलकिली उघडली, तिला ओळखलं आणि बंद झाली. शेवटी ती दोघंच रस्त्यावर उभी राहिली.

गल्लीत टोकापर्यंत इमारती होत्या, सगळ्या नितळ भिंतींच्या, खिडक्याखिडक्यांत दिवे लागलेल्या. आतून कुकरच्या शिट्ट्या, बातम्या, कोणाचं तरी हसणं. मैत्रबनची माणसं बाल्कन्यांसाठी भांडत खाली आली म्हणून वाचली होती. या एवढ्या मोठ्या शहराला आता कशासाठी भांडायला खाली बोलवायचं?