माझं म्हणायची भीती

"शेवटी सगळे सुखी होतात का हो यात?"

दौंडहून शिरूरची एसटी सुटली आणि शेजारचा माणूस माझ्या कादंबरीत खुशाल डोकावून विचारत होता. मला चीड आली... आणि हसताना त्याच्या गालावर खळी पडते, हेही दिसलं!

"लेखक म्हणतो, मालकी संपली की माणूस माणसाचा होतो," मी ठसक्यात सांगितलं.

"ख्रिस्ती मिशनच्या चाळीत राह्यला नसंल तो. आमचं घर मिशनचं, विहीर मिशनची. वडलांना भिंतीत खिळा ठोकायचा तरी कमिटीला इचारावं लागायचं. मी शिक्रापूरला शेड घेतलंय भाड्यानं. छोटं वर्कशॉप हाय... पण माझं!"

"आम्ही केंदूरचे मेंढरंवाले," मी म्हणाले. "चार घरांचा कळप एकत्र. खतासाठी लोकांच्या शेतात मेंढरं बसवून मिळालेलं धान्य चौघांत वाटायचं. आमची मेंढरं कोवळी ज्वारी खाऊन मेली, तवा दर घरानं एकेक कोकरू दिलं. तुमच्या भांडवलशाहीत देतं का कुणी?"

"आन् तुमची शाळा?"

मी पुस्तक मिटलं. कळपाचा कारभारी म्हणेल ती वाट सगळ्यांनी धरायची. कळप हलला की माझी शाळा बुडायची. हे नेमकं या रॉबिन नावाच्या आगाऊ माणसाला कसं सुचलं, देव जाणे.

उतरताना म्हणाला, "भांडायला लई आवडतं तुम्हाला. माल तपासायला माणूस पाहिजे आमच्याकडं. येता?"

गेले. आणि भांडत राहिले. डब्यातली अर्धी भाकरी मी त्याच्याकडे सरकवायची, "हा साम्यवाद चालतो मला," तो म्हणायचा. बोटाला बोट लागलं की दोघंही उगाच तपासलेला पार्ट पुन्हा तपासायला घ्यायचो. पुढचं मात्र तो बोलत नव्हता. मीही नाही.

आज मोठी ऑर्डर संध्याकाळपर्यंत जायची होती. नाही गेली तर कंपनीचं सगळं काम दुसऱ्याकडे आणि शेडला कुलूप. वेळ वाचावा म्हणून रॉबिननं पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, काढून ठेवला होता. ऑपरेटर शंभू तसाच काम करत होता. दुपारी त्याची बाही डायच्या साच्याखाली सापडली. त्यानं हिसका दिला, कापड टर्रकन फाटलं... बोटं वाचली. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं शंभूनं पुढचा पार्ट उचलला.

मी मेन स्विच पाडला.

शेडमध्ये एकदम शांतता. फक्त हायवेवरच्या ट्रकची घरघर.

"चालू कर," रॉबिन म्हणाला.

"आधी गार्ड लावा."

"गार्ड लावला तर माल पुरा व्हत न्हाई, हर्षदा! मालक कोण हाय हितं? मला इचारायचं तरी!"

"लांडगा दिसला तर आमच्यात कारभाऱ्याला इचारून वरडत न्हाईत."

शंभू पुटपुटला, "जाऊ द्या ताई. मी करतो. सवय हाय."

रॉबिन पुढे आला. इतका जवळ, की त्याच्या शर्टाचा तेलाचा वास आला. स्विचवर माझा हात होता. त्यानं तो बाजूला केला असता तर मी निघून गेले असते, कायमची. त्यालाही ते कळत होतं.

तो शंभूच्या फाटक्या बाहीकडे बघत राहिला. मग त्यानं फोन काढला.

"साहेब, माल आज न्हाई व्हायचा... व्हय. कळतंय मला."

पलीकडून फोन कट झाला. रॉबिननं पाना उचलला आणि स्वतः गार्ड बसवायला घेतला. बोल्ट निसटत होता. मी जाळी धरली.

"जिंकला तुझा लेखक," तो कडवटपणे म्हणाला.

"न्हाई. त्याच्या पुस्तकातला मालक शेवटपर्यंत बदलत न्हाई. लोक त्याला हाकलून देतात." मी पुढचा बोल्ट त्याच्या हातात दिला. "मला... तुम्हाला हाकलायचं नव्हतं."

पाना थांबला.

"ऑर्डर गेली. शेडपण जाईल कदाचित," तो हळूच म्हणाला. "ज्याला माझं म्हणावं ते हातातून जातं, हर्षदा. म्हणून तुला आजवर... माझी म्हणायची भीती वाटती."

गाल तापले माझे. किती वाट बघितली होती या वाक्याची, आणि माणसानं मुहूर्त काढला तो असा!

"म्हणा की. घरी आबांना लग्नाचं मी सांगते, तुम्ही फक्त सोबत या. शेड राह्यलं तर ते शंभूसकट सगळ्यांचं. भाकरी, काम, नुकसान, सगळं वाटून घेऊ." मी मान वर केली. "पण तुम्ही माझे. एकटीचे. त्यात मला वाटणी चालायची न्हाई."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि गालावर खळी. उद्याचं काहीच ठरलेलं नव्हतं. मी शंभूदेखत त्याचा तेलकट हात हातात घेतला.